‘बेळगावात विमा कंपनी आहेच कुठे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘वित्तप्रमुखांना इंड एएस ११७ कसं शिकवावं’ या आमच्या लेखावर एका वाचकांनी लांबलचक आणि चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. (इंड एएस ११७ म्हणजे विमा करारांचा हिशेब कसा मांडायचा हे सांगणारं भारतीय लेखा मानक.) त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एक, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाही विमा कंपनीचं मुख्यालय नाही, मग हा खटाटोप कुणासाठी? दोन, सीएफओंना, म्हणजे वित्तप्रमुखांना, आमच्या वर्गात दोन दिवस बसवून कॅल्क्युलेटरवर सीएसएम, म्हणजे विमा करारातला अजून न कमावलेला नफा, काढायला लावणं म्हणजे साखर कारखान्याच्या चेअरमनला वजनकाट्यावर उभं करण्यासारखं आहे. ते काम अ‍ॅक्च्युअरीचं (विम्याची जोखीम मोजणाऱ्या गणिततज्ज्ञाचं) आणि सॉफ्टवेअरचं. तीन, वर्षभराच्या पॉलिसींना ‘फारसा बदल नाही’ असं आम्हीच लिहिलं आहे, तेव्हा जनरल इन्शुरन्सवाल्यांनी यायचंच कशाला? आणि चार, सगळं मानक इंग्रजीत असताना मराठीत शिकवायचा हट्ट का?

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आमची आहे. ‘फारसा बदल नाही’ हे वाक्य सरसकट लिहायला नको होतं. वर्षभराच्या किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारांना प्रीमियम अ‍ॅलोकेशन अ‍ॅप्रोच, म्हणजे पीएए, ही सोपी पद्धत वापरता येते, एवढंच खरं. समजा १ जानेवारीला १२,००० रुपयांची वर्षाची पॉलिसी विकली. ३१ मार्चला तीन महिन्यांचे ३,००० महसुलात आले आणि ९,००० उरलेल्या संरक्षणापोटी देणं म्हणून राहिले. इथपर्यंत जुन्या पद्धतीशी जमतं. पण याच पॉलिसीवर १,५०० रुपये कमिशन दिलं असेल, तर आजवर ते सगळं याच वर्षी खर्ची पडायचं. आता कंपनीने लगेच खर्ची टाकायचा पर्याय निवडला नसेल, तर या वर्षी ३७५ आणि बाकी १,१२५ त्या देण्यातून वजा. देणं दिसेल ७,८७५. एका पॉलिसीत हा किरकोळ आकडा आहे. जानेवारी ते मार्चमध्ये धंद्याचा मोठा वाटा येणाऱ्या कंपनीत याच एका निवडीने वर्षाचा नफा हलतो. ती निवड कुणी करायची, अ‍ॅक्च्युअरीने?

दाव्यांच्या बाजूला बदल त्याहून मोठा आहे. अपघात या वर्षी झाला, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निकाल चार वर्षांनी लागला, त्यावर पुन्हा अपील. असं देणं आता पैशाच्या आजच्या मोलाने मांडायचं आणि वर जोखीम समायोजन, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेपोटी धरलेली रक्कम, वेगळं दाखवायचं. दावा घडल्यापासून वर्षाच्या आत पैसे चुकते होणार असतील तरच असं आजच्या मोलात आणणं, म्हणजे डिस्काउंटिंग, टाळता येतं. थर्ड पार्टी दाव्यांना ही सवलत लागू पडणं कठीण.

आणि सगळ्या मोटार पॉलिसी वर्षाच्या असतात हेही खरं नाही. केए-२२ किंवा केए-२३ची (बेळगाव, चिकोडीची) नवी दुचाकी शोरूममधून बाहेर पडते तेव्हा तिच्यासोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा असतो, नव्या मोटारीला तीन वर्षांचा. १ सप्टेंबर २०१८ पासून तसं बंधन आहे. या करारांना पीएए आपोआप मिळत नाही. उरलेल्या संरक्षणाचं देणं पीएएने काढलं काय आणि सर्वसाधारण पद्धतीने (जिच्यात सीएसएम मोजतात) काढलं काय, लक्षणीय फरक पडणार नाही, अशी वाजवी अपेक्षा कराराच्या गटाच्या सुरुवातीलाच दाखवावी लागते. दावा येण्याआधीच अंदाज बराच वरखाली होईल अशी चिन्हं असतील तर ती अट मोडते. मूळ लेखातलं वाक्य आम्ही दुरुस्त केलं आहे.

आता पहिला मुद्दा. मुख्यालय इथे नाही, मान्य. पण इंड एएस ११७ विमा कंपनीला लागतं असं नाही, विमा कराराला लागतं. परवाना कुणाकडे आहे हे मानक विचारत नाही. कंपनी कामकाज मंत्रालयाने ते १२ ऑगस्ट २०२४ रोजी अधिसूचित केलं, १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी. मग २८ सप्टेंबर २०२४च्या दुरुस्तीने विमा कंपन्यांना, इर्डाईची, म्हणजे विमा नियामकाची, अधिसूचना येईपर्यंत, समूहाच्या एकत्रित हिशेबासाठी विमा करारांचं जुनं मानक, इंड एएस १०४, वापरायची मुभा मिळाली. गंमत अशी की ज्यांच्यासाठी मानक लिहिलं गेलं ते थांबले आणि बिगर-विमा कंपन्यांना ते आधी लागू झालं.

उद्यमबाग किंवा मच्छेतल्या प्रत्येक फाउंड्रीने धास्ती घ्यावी असं मात्र नाही. इंड एएस कुणाला, तर मुख्य शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, २५० कोटी किंवा अधिक नेट वर्थ असलेल्यांना, आणि अशा कंपन्यांच्या उपकंपन्या, सहयोगी कंपन्या व संयुक्त उपक्रमांना. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तीस कोटींची कास्टिंग कंपनी, पण तिचे २६ टक्के शेअर शेअर बाजारात नोंदलेल्या पुण्याच्या कंपनीकडे, तर ती सहसा या जाळ्यात येते. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी मात्र येत नाहीत. सभासद वारल्यावर कर्ज माफ करणारा निधी त्यांच्याकडे असला तरी त्यांचा कायदाच वेगळा आहे.

जे जाळ्यात येतात त्यांनी काय तपासायचं? आपण काढलेला आगीचा विमा आधी बाजूला ठेवा. पॉलिसीधारकाचा हिशेब या मानकात येत नाही. हा गोंधळ हमखास होतो, अगदी अनुभवी माणसांचाही. आपण दुसऱ्याची जोखीम घेतली आहे का, एवढंच पाहायचं. आपण बनवलेल्या किंवा विकलेल्या पंपाची, विक्रीसोबत दिलेली वॉरंटी बाहेर. दुसऱ्याच्या मालावर वाढीव वॉरंटी विकली तर आत. ठरावीक रकमेत वर्षभर दुरुस्तीचा करार असेल तर तीन गोष्टी बघायच्या: दर त्या एका ग्राहकाची जोखीम तोलून लावलेला नाही, भरपाई रोखीने नव्हे तर सेवेने होते, आणि अनिश्चितता सेवेच्या खर्चात नसून मुख्यतः ती कितीदा लागेल यात आहे. तिन्ही जमल्या तर इंड एएस ११५ (ग्राहकांकडून येणाऱ्या महसुलाचं मानक) निवडता येतं, करारागणिक, पण एकदा निवडलं की माघार नाही. मृत्यूनंतर कर्ज माफ करणाऱ्या एनबीएफसीला (बिगर-बँक वित्तीय कंपनीला) ११७ किंवा १०९ (आर्थिक साधनांचं मानक) यांत निवड आहे. विमा कंपनीकडून समूह पॉलिसी घेऊन कर्जदाराला संरक्षण दिलं असेल तर जोखीम मुळात एनबीएफसीची नाही.

हमीपत्रं सगळ्यांत चिवट. उपकंपनीने कर्ज फेडलं नाही तर आम्ही भरू, ही आर्थिक हमी. पूर्वीपासून तिला उघडपणे विमा करार मानून तसा हिशेब ठेवला नसेल तर ती इंड एएस १०९मध्येच जाते. पण उपकंपनी काम पूर्ण करेल अशी हमी ग्राहकाला दिली असेल, तर ती कर्जाची हमी नव्हे. ती विमा कराराच्या व्याख्येत बसू शकते. अशी पत्रं लीगलच्या कपाटात असतात आणि अकाउंट्सला पत्ता नसतो.

दुसरा मुद्दा, कॅल्क्युलेटरचा. इथे आम्ही एक पाऊलही मागे घेणार नाही. आधी हप्त्याची गोष्ट. ऊसतोडीच्या मुकादमाने हंगामाआधी उचल घेतली म्हणजे ती त्याची कमाई झाली, असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. फडातला ऊस पडेल तशी ती फिटते. विम्याचा हप्ता ही उचल आहे. तो हाती आला म्हणून महसूल होत नाही, संरक्षण दिलं जाईल तसा होतो. एवढं पटलं की सीएसएम म्हणजे काय हे सांगायला पाच मिनिटं पुरतात: उचलीतला जो भाग नफा ठरणार आहे, पण अजून कमावलेला नाही, तो.

आता कागद घ्या. पाच वर्षांच्या करारांचा एक गट, एकरकमी हप्ता १,००,०००. दावे व खर्च यांचं आजचं मोल ७८,०००, जोखीम समायोजन ६,०००, विक्रीचा खर्च ४,०००. उरले १२,०००, तो सीएसएम. पहिल्या दिवशी नफा शून्य. सुरुवातीला गोठवलेला व्याजदर ७ टक्के धरा. वर्षअखेर ते १२,८४० होतात. संरक्षण पाचही वर्षं सारखंच असेल तर पाचवा हिस्सा, २,५६८, महसुलात येतो आणि १०,२७२ शिल्लक राहतात.

याच वर्षाच्या शेवटी पुढच्या दाव्यांचा अंदाज ३,०००ने वाढला असं समजा, गोठवलेल्या दरानेच मोजून. क्रम महत्त्वाचा. आधी व्याज, मग अंदाजातला बदल, आणि नफा सोडणं सगळ्यांत शेवटी. १२,८४०मधून ३,००० गेले, राहिले ९,८४०. त्याचा पाचवा हिस्सा १,९६८. उलट क्रमाने केलं, आधी २,५६८ सोडले आणि मग ३,००० कापले, तर या वर्षीचा नफा ६०० रुपयांनी फुगतो. सॉफ्टवेअर हा क्रम चुकवत नाही, असं गृहीत धरणारे बरेच आहेत. पण अंदाजातला बदल तिमाही बंद झाल्यावर वेगळ्या फायलीतून हाताने चढवला जातो, तेव्हा नेमका तो शेवटी लागतो. आकडे जुळतात, बेरीज बरोबर येते, फक्त उत्तर चुकीचं असतं. ज्याने हे एकदा हाताने केलं आहे त्याला तक्ता पाहताच २,५६८ खटकतो.

दुसरी चूक गटांची. हीच पॉलिसी पुढच्या वर्षी विकताना दाव्यांचा अंदाज ९३,००० निघाला. ९३,०००, ६,००० आणि ४,०००, मिळून १,०३,०००. गट ३,०००ने तोट्यात, आणि तो तोटा त्याच दिवशी नफा-तोटा पत्रकात. साहजिकच मनात येतं, मागच्या गटात १२,००० आहेत, वळते करून ९,००० दाखवू. चालत नाही. एका वर्षाहून अधिक अंतराने दिलेले करार एका गटात घालता येत नाहीत. आणि वर्ष एकच असलं तरी तोट्यातले करार वेगळेच ठेवायचे. दर ठरवणारा विभाग, विक्री आणि वित्त यांनी एकत्र बसून हे आधी समजून घेतलं नाही तर संचालक मंडळासमोर पहिल्याच तिमाहीत खडाजंगी होते.

यातलं काहीही सीएफओला रोज करायचं नाही. पण अ‍ॅक्च्युअरीला प्रश्न विचारायचे असतात. जोखीम समायोजन किती टक्के विश्वासपातळीचं आहे? मानकात ते जाहीर करावंच लागतं. मुख्य कार्यालयाच्या खर्चातला कुठला भाग थेट करारांवर टाकला आणि का? संरक्षणाची एककं, म्हणजे दर वर्षी किती सीएसएम सोडायचा ते ठरवणारं माप, विमा रकमेवर मोजली की पॉलिसींच्या संख्येवर? आणि संक्रमणाच्या, म्हणजे नव्या मानकावर जाण्याच्या, दिवशी सीएसएम एवढा मोठा कसा? हा शेवटचा प्रश्न नाजूक आहे. त्या दिवशी सीएसएम जितका मोठा धरला जाईल तितकं भांडवल आज कमी दिसतं आणि नफा पुढच्या वर्षांत आरामात झिरपत राहतो. मोह कुठे असतो ते सांगायला नको.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम तीन चुका पेरलेला, सीएसएमच्या वर्षभरातल्या हालचालींचा तक्ता देतो: क्रम उलटा, व्याज गोठवलेल्याऐवजी चालू दराने, आणि या वर्षीच्या दाव्यांतला फरक नफा-तोट्याऐवजी सीएसएममध्ये. ए-३ कागद, पेन्सिल, चाळीस मिनिटं, तिघांचा एक गट. लॅपटॉप बंद.

मराठीचा हट्ट नाही. सीएसएम, पीएए, लॉक्ड-इन रेट (वरचा गोठवलेला व्याजदर) हे शब्द तसेच राहतात. त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द दिले तर ऑडिटरशी बोलताना पंचाईत होईल. पण ‘हे या वर्षीचं की पुढचं?’ हा वाद माणूस ज्या भाषेत भांडतो त्याच भाषेत नीट घालतो. आपल्याकडच्या वर्गात निम्मे कन्नडमध्ये घालतात, तेही चालतं.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं. बिगर-विमा कंपन्यांच्या लोकांना दोन दिवस खरंच जास्त आहेत. त्यांच्यासाठी अर्धा दिवस ठेवतो. येताना तीन फायली आणा: गेल्या तीन वर्षांत दिलेली सगळी हमीपत्रं, दुरुस्ती-देखभालीच्या करारांचे नमुने, आणि वाढीव वॉरंटी विकत असाल तर तिच्या छापील अटी. हमीपत्रांची फाइल अकाउंट्सकडे मागू नका, लीगलकडे मागा.