‘धूर येईपर्यंत तापवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मे लागला की गोव्यात दोन गोष्टी हमखास फिरतात: पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) याद्या आणि घरदुरुस्तीचे मेसेज. यंदा आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर एकच मेसेज चार जणांनी टाकला. सारांश असा: ‘गेटपासून पोर्चपर्यंतच्या डांबरी वाटेला भेगा पडल्यात? ठेकेदाराला पैसे देऊ नका. रस्त्याचं डांबर डब्यात घालून चुलीवर धूर येईपर्यंत तापवा आणि भेगेत ओता. ओल असली तरी चालते, उष्णतेने उडून जाते. वर जाड थर द्या. घट्ट वाटलं तर थोडं पेट्रोल मिसळा. कुठल्याही भेगेला चालतं, दहा वर्षं बघायला नको.’

भेगा पावसाआधी बुजवाव्यात, हे खरं. बाकीचं असं.

‘रस्त्याचं डांबर.’ हा मेसेजचा पाया आणि तोच कच्चा. आपल्याकडे रस्त्याला सहसा व्हीजी-३० प्रतीचं बिटुमेन, म्हणजे खनिज तेलापासूनचं डांबर, वापरतात. भारतीय मानकात त्याचा मृदू होण्याचा बिंदू किमान ४७ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात दुपारी उघड्यावरच्या काळ्या वाटेचं तापमान याच्या वर सहज जातं. खडी-वाळूत मुरलेलं बिटुमेन तिथे टिकतं, कारण त्याला खडीचा सांगाडा धरून ठेवतो. भेगेत नुसतं ओतलेलं बिटुमेन कोण धरणार? दोन वर्षांपूर्वी आमच्याच वाटेवर एका कामगाराने तेच ओतलं. मेमध्ये भावाची मुलं मुंबईहून आली आणि संध्याकाळपर्यंत तुळशीवृंदावनापासून सोप्यापर्यंत काळ्या पावलांची रांगोळी झाली. पावसाळ्यात तेच ताठरलं आणि भेगेच्या कडेपासून सुटलं.

भेगांसाठी बनवलेलं गरम ओतायचं सीलंट वेगळं असतं. त्यात रबर किंवा पॉलिमर मिसळलेलं असतं, ते साधारण ८० अंशांच्या पुढेच मऊ होतं आणि भेग उघडली-मिटली तरी ताणलं जातं. ठोकळ्यांच्या रूपात येतं, खोक्यावर तापमान छापलेलं असतं. (आणि एक: लाकडाला फासायचं काळं ‘डांबर’ पुष्कळदा कोळशापासूनचं असतं. ते बिटुमेन नव्हे आणि त्याचा धूर तर नाकात जाऊच नये.)

‘धूर येईपर्यंत तापवा.’ नको. सीलंट बहुधा १८० ते २०० अंशांच्या दरम्यान ओततात. त्याच्या पुढे गेलं की आतलं रबर जळतं, लवचिकपणा जातो आणि उरतं ते महागडं साधं डांबर. चुलीवरच्या डब्यात तळाचं करपतं तेव्हा वरचं अजून घट्टच असतं. म्हणूनच जाणकार लोक दुहेरी भिंतीचं, मध्ये तेल असलेलं भांडं आणि थर्मामीटर वापरतात. व्हीजी-३० च्या ज्वलनबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्याची, किमान मर्यादा २२० अंश आहे. धूर बघून तापमान ओळखणं म्हणजे त्या मर्यादेशी डोळे झाकून खेळणं.

‘ओल चालते.’ सगळ्यात जास्त नडतं ते हेच. आपल्याकडे थंडीने बर्फ होऊन रस्ता फुटत नाही. ती गोष्ट बर्फाळ देशांतली. आपली भेग पाण्याची. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, चिऱ्याच्या (जांभ्याच्या) मातीचा भराव आणि पाण्याला वाट नाही. ओल्या भेगेला सीलंट चिकटतच नाही: ओलीची वाफ होते, बुडबुडे येतात आणि वरून बुजलेल्या भेगेखाली पाणी अडकून बसतं. पाणी नेमकं डब्यात पडलं तर ते उकळत्या डांबरात फुगतं आणि डांबर बाहेर उसळतं. भेग कोरडी हवी, स्वच्छही हवी: तारेच्या ब्रशने गवत-माती काढून, ब्लोअरने धूळ उडवून. माझ्या मते या कामाची अर्धी मेहनत इथेच लागते आणि ठेकेदार चोरतात तीही इथेच. डिसेंबर ते एप्रिल हा खरा हंगाम. मेमध्ये करायचं तर वळीव पडल्यावर दोन-तीन कडक उन्हाचे दिवस जाऊ द्या.

‘जाड थर द्या.’ उंचवटा चाकांनी उचलला जातो. भेग खोल असेल तर तळाला कोरडी वाळू भरून वरचे दीड-दोन सेंटिमीटर मोकळे ठेवावे, सीलंट वाटेच्या पातळीला आणून रबरी पट्टीने ओढावं आणि वर दगडाची बारीक भुकटी टाकावी, म्हणजे चप्पल चिकटत नाही.

‘कुठल्याही भेगेला.’ नाही. साधारण ३ मिलिमीटरपेक्षा बारीक भेगेत ते शिरत नाही. दोन-अडीच सेंटिमीटरहून रुंद असेल तर खडीमिश्रित डांबराचं ठिगळ हवं. आणि मगरीच्या पाठीसारखी जाळी झाली असेल तर दोष खालच्या भरावात आहे. ती जागा खणून पुन्हा भरायला हवी, सीलंट ओतणं म्हणजे दिवाळीआधी ओल्या भिंतीवर चुना फासणं. फणसाचं किंवा वडाचं मूळ वाट उचलत असेल तर तेही तसंच.

‘दहा वर्षं.’ चांगलं काम झालं तर साधारण तीन ते पाच वर्षं धरा, दर पावसाळ्यानंतर एकदा फिरून बघा. दोन-चार मीटर भेगेसाठी भांडं-थर्मामीटरचा खटाटोप परवडत नाही. तिथे थंड ओतायचा फिलर दोन थरांत भरलेला बरा, कारण सुकताना तो आक्रसतो.

पेट्रोलचं मुद्दाम शेवटी ठेवलं. गरम डांबरात पेट्रोल टाकलं की क्षणात वाफ होते आणि खाली चूल पेटलेलीच असते. गरम डांबर अंगावर उडालंच तर वाहत्या थंड पाण्याखाली निदान २० मिनिटं धरा, चिकटलेलं ओढून काढू नका, थेट इस्पितळात जा. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान ती पेट्रोलची ओळ तरी खोडा.