पाडस उचलण्याआधी कुत्री बांधा

हरभरा काढताना हरणाचं पाडस सापडलं की गावाच्या ग्रुपवर फोटो ठरलेला. पोराच्या मांडीवर पाडस, त्याच्या तोंडात दुधाची बाटली, खाली "देवमाणूस" म्हणून कमेंटा. माझं मत उलटं आहे. बहुतेक वेळा ते पाडस अनाथ नसतंच, आपण ते आईपासून पळवून आणलेलं असतं.

काळवीट असो की चिंकारा, मादी पहिले काही दिवस पाडसाला पिकात, गवतात दडवून ठेवते, लांब चरते आणि मोजक्या वेळा येऊन पाजून जाते. तुम्ही हातभर अंतरावर गेलात तरी ते मान भुईला लावून गप पडून राहतं. त्याचा जीव त्या गप पडण्यावरच असतो, आणि आपल्याला ते अशक्त वाटतं. सशाचं पिल्लूही असंच एकटं पडलेलं असतं.

तेव्हा तेवढ्या सऱ्या सोडून पुढं काढणी करा. हार्वेस्टर दारात उभाच असेल तर गोणपाटानं उचलून जवळच्याच बांधावर सावलीत ठेवा. कुत्री बांधा, माणसं हटवा, संध्याकाळपर्यंत लांबूनच नजर ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई पाडस टाकते हा गैरसमज आहे. ती येत नाही, कारण आपण तिथं घोळका करून उभे असतो. मादी जवळच मरून पडलेली असेल, पाडस सारखं ओरडत असेल, अंगावर जखम किंवा माशांची अंडी दिसत असतील, तरच ते खरं अडचणीत आहे.

घरी आणल्यावर काय होतं? हरणाच्या दुधापेक्षा गाईचं दूध बरंच पातळ, त्यात हगवण लागते. उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जाऊन निमोनिया होतो. त्यातूनही नर जगलाच, तर मोठा झाल्यावर पाळणाऱ्यावरच शिंगं रोखून धावतो. माणूस त्याला आपल्याच कळपातला वाटत असतो.

लांडग्यानं हरण धरलं तर मध्ये पडू नये, त्यालाही पोट आहे. पण बिनकठड्याची विहीर, तार, मोकाट कुत्री ही आपली करणी. तिथं हात बांधून बसणं मला पटत नाही.

काळवीट विहिरीत पडलं तर आधी मोटारीचा स्टार्टर बंद करा. मग बाजेच्या चारही कोपऱ्यांना चऱ्हाट बांधून ती पाण्यालगत सोडा, म्हणजे त्याला टेकायला जागा मिळते आणि वनविभागाची माणसं येईपर्यंत दम निघतो. गळ्यात फास टाकून ओढू नका. वर आलं की डोळ्यांवर फडकं टाका, त्याचे पाय पोटाशी दुमडून त्याला छातीच्या टेकूवर सरळ बसवा. आडवं पाडून ठेवलं तर पोट फुगतं. पाठलाग, आरडाओरडा, मोटारसायकलवर पाय बांधून नेणं यानं स्नायू आतून तुटतात, त्याचं विष मूत्रपिंडात उतरतं आणि चांगलं चालणारं जनावर दुसऱ्या दिवशी मरतं. सेल्फीवाल्यांना हाकलायचं ते यासाठी.

कोल्हा, लांडगा, मुंगूस जखमी दिसला तरी हात लावू नका, रेबीजची भीती असते. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

वनविभागाची हेल्पलाइन 1926. जनावर ताब्यात आलं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार 48 तासांत कळवावं लागतं, आणि "जीव वाचवायला ठेवलं होतं" म्हटलं तरी काळवीट घरी पाळणं गुन्हाच आहे.