सिस्टरांच्या दाराशी

जुलै २०२५. आयर्लंडच्या पश्चिमेला ट्यूम नावाच्या गावात खोदकाम सुरू झालं. १९२५ ते १९६१ या काळात तिथं बॉन सेकूर संघाच्या नन्स अविवाहित मातांसाठी एक गृह चालवत होत्या. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी चिकाटीनं मृत्यूचे दाखले गोळा केले, तेव्हा तिथं दगावलेल्या ७९६ मुलांची नावं मिळाली. पुरल्याची नोंद कुठंच नव्हती. २०१७ मध्ये चौकशी आयोगाला सांडपाण्याच्या जुन्या टाकीजवळ लहान मुलांचे अवशेष सापडले.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला छत्तीसगडमध्ये दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन नन्सना अटक झाली. सोबत नारायणपूरच्या तीन तरुण मुली होत्या. आरोप मानवी तस्करीचा आणि धर्मांतराचा. मुली आमच्या संमतीनं नोकरीसाठी निघाल्या होत्या, असं घरचे सांगत होते. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयानं दोघींना जामीन दिला.

मी सोळा वर्षं डब्लिनमध्ये राहते. दिवसा ऑफिसात ट्यूमची चर्चा आणि रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुर्गची, असे ते दिवस गेले. लालबागच्या मामानं लिहिलं, "सेवा हे नुसतं आमिष. खरं काम धर्मांतराचं." विलेपार्ल्याची मावशी म्हणाली, "माझ्या दोन्ही मुली कॉन्व्हेंटात शिकल्या, त्यांना कुणी बाटवलं नाही." इकडे जेवणाच्या सुट्टीत नन हा शब्द निघाला की माझ्या सहकाऱ्यांचे चेहरे आवळतात. एकीची आजी नन्सच्या बंदिस्त लाँड्रीत होती. ती त्याबद्दल बोलत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

आमचं घर वारकरी. मी भायखळ्यात वाढले आणि एका कॉन्व्हेंट शाळेत शिकले. तिथं वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड असे. तो अपमान मी विसरलेले नाही. आपल्याच शहरात आपल्याच भाषेची लाज वाटायला लावणं हे चूकच होतं. पण शाळेत झाडू मारणाऱ्या मावशींना टीबी झाला, तेव्हा दर रविवारी शिवडीच्या रुग्णालयात डबा घेऊन जाणारी बाई तीच होती, दंड घेणारी सिस्टर. मावशींच्या मुलीची फी कोण भरतं हे आम्हांला कितीतरी दिवसांनी कळलं. या दोन्ही आठवणींतली एकही मी सोडायला तयार नाही. म्हणूनच मला मामाचंही पटत नाही आणि मावशीचंही पूर्ण पटत नाही.

आयर्लंडनं मला एक गोष्ट नीट पाहायला शिकवली. नन्स चालवत त्या मॅग्डलेन लाँड्र्यांमध्ये समाजाला नकोशा झालेल्या बायकांनी बिनपगारी कपडे धुतले, दारं बंद असत, नावं बदलली जात. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली. २०१३ च्या सरकारी अहवालानुसार १९२२ पासून दहा हजारांच्या वर बायका तिथं गेल्या, आणि कुठून आल्या ते कळलं त्यांतल्या जवळपास चौथ्या हिश्श्याला पाठवण्यात सरकारचा हात होता. बाकीच्यांतल्या कित्येकींना कुणी सोडलं? बापानं, भावानं, पाद्र्यानं. पंतप्रधान एंडा केनी यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत संसदेत माफी मागितली. लाँड्र्या चालवणाऱ्या चारही संघांनी भरपाईत पैसे घालायला नकार दिला, त्याचा इथं अजून राग आहे, आणि तो रास्त आहे. त्या भिंतींआड जे झालं ते नन्सनी केलं. पण लेक दाराशी सोडून घरी परतलेला बाप चर्चेत कुठंच नसतो. सगळा हिशोब झग्यातल्या बाईच्या नावावर टाकून गाव मोकळं झालं.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या बाजूनं घडते, असं मला वाटतं. आई मला लहानपणी दिवाळीत सांकली स्ट्रीटवरच्या 'आशा दान'मध्ये फराळ द्यायला न्यायची. मदर तेरेसांच्या संघाचं घर ते. पाळण्यांची रांग होती, पलीकडे जखमांवर पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं. ही माणसं आभाळातून पडली नव्हती. याच मुंबईतल्या कुणीतरी त्यांना टाकलं होतं. ज्या राज्यात मुलीचं नाव 'नकोशी' ठेवलं जायचं (साताऱ्यात २०११ मध्ये अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावं द्यावी लागली), तिथं कुणाचातरी पाळणा भरणारच. आपण आपली नकोशी माणसं सिस्टरांच्या दाराशी ठेवतो, आणि मग त्यांना उचलून घेणारीच्या हेतूची झडती घेतो.

झडती घेऊच नये असं मी म्हणत नाही. ट्यूमच्या देशात राहणारी बाई तसं म्हणूच शकत नाही. बंद दाराआड लहान मुलं असतील तिथं तपासणी हवी, नोंदी हव्यात, मग ते दार कुठल्याही धर्माचं असो. आयर्लंडमध्ये नेमकी तीच नीट झाली नाही. पण ती तपासणी सरकारी अधिकाऱ्यानं वहीतल्या नोंदी पाहून करायची असते. दुर्गच्या फलाटावर जमलेल्या घोळक्यानं नव्हे.

हा वाद आपल्याला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये तिथल्या विधवा मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात रान उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पण त्याच रमाबाई आधी इंग्लंडात असताना, आज्ञापालनाच्या मुद्द्यावर वाँटेजच्या नन्सशीही पत्रांतून भांडत होत्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड टाकून दुसऱ्याचं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. मला त्या पत्रांतल्या रमाबाई फार जवळच्या वाटतात. पुण्यातल्यांना त्या चर्चच्या हस्तक वाटल्या आणि वाँटेजला हट्टी. त्या स्वतः काय निवडत होत्या, हे दोन्हीकडे फार थोड्यांनी विचारलं.

तेच आज विचारायला हवं. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही तीन व्रतं पंचविशीतली बाई का घेते? तिला नाही म्हणता येतं का, नंतर बाहेर पडता येतं का? संसार नाकारून व्रताला लागलेली बाई मराठीला परकी नाही. तेराव्या शतकात महदंबा चक्रधरांच्या मागे निघाली आणि तिचे धवळे आपण मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना म्हणून शिकतो. वाळकेश्वरच्या चढावर अनवाणी चालणाऱ्या जैन साध्वींना आपण वाट देतो. आज्ञापालन म्हणजे गप्प बसणं नव्हे हेही २०१८ मध्ये दिसलं, तेव्हा पाच नन्स, त्यांच्या संघातल्या एका ननवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या बिशपविरुद्ध कोचीच्या चौकात उपोषणकर्त्यांसोबत बसल्या. न्यायालयानं २०२२ मध्ये बिशपना निर्दोष सोडलं. पण आपल्याच संघातल्या बहिणीसाठी भर रस्त्यावर बसायची ताकद त्यांच्यात त्या व्रतातूनच आली, असं मला वाटतं.

आमच्या गल्लीत तीन निवृत्त नन्स भाड्याच्या घरात राहतात. झगा नाही, साधे स्वेटर. थोरली ऐंशीच्या पुढे आहे, पूर्वी रुग्णालयात होती. डब्लिनचं सेंट व्हिन्सेंट रुग्णालय १८३४ साली एका नननं उभारलं आणि २०२२ मध्ये तिच्या संघानं त्यावरची मालकी सोडली, त्याबद्दल मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडे फार सत्ता आली होती आणि ती आम्हांला आवडू लागली होती." आता ती आश्रय मागायला आलेल्या बायकांबरोबर दवाखान्यात जाते. रांगेत त्यांच्या शेजारी बसते, फॉर्म वाचून दाखवते, संध्याकाळी घरी येते. मी दोनदा तिच्याबरोबर गेले. दोन्ही वेळा चार-चार तास लागले.

हे सगळं मी तुटक तुटक करून ग्रुपवर लिहिलं. कुणी काही बोललं नाही. चार दिवसांनी मामाचा फोन आला. चाळीत खालच्या मजल्यावरची आजी जिन्याखाली झोपते, मुलगा खोली विकून गेला, पालिकेच्या रुग्णालयानं दोनदा परत पाठवली. तो जरा थांबला आणि म्हणाला, "ते तू लिहिलं होतंस ते घर, तिथं म्हाताऱ्या माणसांना घेतात का गं अजून?"

मी त्याला पत्ता पाठवला.