नाथसागरावरची पॅनेलं आणि दोराची ढील

जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर १२०० मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प करायचं ठरतंय म्हटल्यावर गावाकडे दोन तट पडलेत. एक म्हणतो, पाण्यावर झाकण बसेल, बाष्पीभवन थांबेल, मराठवाड्याची तहान भागेल. दुसरा म्हणतो, प्लास्टिकने पाणी नासेल. पॅनेलांची तरंगती बेटं तळाशी बांधून ठेवणाऱ्या नांगरांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. चीड येते ती याची.

झाकणाचा हिशोब सोपा आहे. इथे सिंगापूरला टेंगेह जलाशयावरच्या तरंगत्या प्रकल्पात ६० मेगावॉटला ४५ हेक्टर लागले. त्या दराने १२०० मेगावॉटला ९ चौरस किलोमीटर. भरलेला नाथसागर ३५० चौरस किलोमीटर पसरतो. वर्षाला दोन मीटर पाणी उडतं आणि पॅनेलखालचं सगळं वाचतं असं धरलं, तरी पाऊण टीएमसीसुद्धा हाती येत नाही. जिवंत साठाच सुमारे ७६ टीएमसीचा आहे!

प्लास्टिकचं म्हणाल तर टेंगेहचं पाणी आम्ही पितो. पीयूबीने, म्हणजे इथल्या पाणी संस्थेने, पॅनेलं पेलणारे तरंगे खाद्यपदार्थांना चालणाऱ्या एचडीपीई प्लास्टिकचे घेतले, पॅनेलं दोन्ही बाजूंनी काचेची, बेटांमध्ये उजेड-वाऱ्यासाठी मोकळ्या पट्ट्या. आधी २०१६ मध्ये १ मेगावॉटवर वेगवेगळ्या मांडण्या तपासल्या, मोठा प्रकल्प २०२१ मध्ये आला. एवढा धीर आपल्याकडे का धरवत नाही?

खरी अडचण पातळीची. १५२२ फुटांवर भरलेलं धरण जिवंत साठा संपेपर्यंत आठेक मीटर उतरतं. दहा मीटर खोलीवर वीस मीटरचा दोर ताणून बांधला, तर नांगर आडवा सव्वासतरा मीटरवर पडतो. पाणी दोन मीटरवर आलं की त्याच दोराला अडीच मीटर ढील पडते. मग वळवाचा वारा अख्खं बेट ढकलत नेतो आणि एकाच बाजूच्या मोजक्या दोरांना हिसका बसतो. आधी कोपऱ्यातल्या तरंग्यांचे कान तुटतात, मग शेजारच्या नांगरांवर भार जातो. जपानमध्ये यामाकुरा धरणावर सप्टेंबर २०१९ च्या वादळात नांगर उपटले, पॅनेलं एकमेकांवर चढली आणि भर पाण्यात आग लागली. त्याहून वाईट म्हणजे बेट उताराच्या गाळावर टेकणं: तरंगे वाकतात, केबल ताणल्या जातात, कनेक्टर चिखलात जातात.

म्हणून जागा जुन्या गोदापात्राच्या खोलगट भागातच हवी, दोरात ताण घेणारे लवचीक तुकडे हवेत, आणि पाणी उतरेल तसे दोर आवळायला वर्षभर माणसं हवीत. पक्ष्यांच्या विष्ठेने पॅनेलवर तापणारे डाग पडतात. जायकवाडीच्या पक्षी अभयारण्यात पॅनेलं धुण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागेल.

टेंगेहवर कुणाचं पोट जाळ्यावर नाही. पैठणच्या मच्छीमारांचं आहे. तिथे इथला दाखला चालत नाही, हे मला मान्य करावंच लागतं. पाणीपट्टी इथे भरतो, पण पावसाळ्यात रोज आकडा पाहतो तो नाथसागराचाच; म्हणून दुरून बोलल्याशिवाय राहवत नाही. निविदेत नांगरांचं गणित कोणत्या नीचांकी पातळीला केलंय आणि होड्यांसाठी किती रुंद वाट सोडलीय, हे दोन आकडे दोन्ही तटांनी मिळून आधी मागावेत.