भोवऱ्याची शक्ती कुठे गेली?

प्राथमिक वर्गात ऊर्जा कशी शिकवावी याविषयीचा एक लेख नुकताच वाचला. ऊर्जेची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना आपसांत बोलू द्यावे, हे त्या लेखातील मत मला मनापासून पटले. चौथीच्या वर्गात मी एकदा भोवरा फिरवला आणि तो थांबल्यावर ‘याची शक्ती कुठे गेली?’ एवढेच विचारले. ‘संपली’ असे बहुतेकांनी सांगितले. पण एका मुलीने तळहात एकमेकांवर घासून गालाला लावले आणि ‘बाई, घासून घासून तिची ऊब झाली असेल,’ असे सुचवले. १८४०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यातील पाती फिरवून पाणी किंचित तापते हे मोजून दाखवले होते, आणि या मुलीचा तर्क त्याच वाटेवरचा होता.

मराठीत अडचण शब्दांचीही आहे. घरीदारी शक्ती, ताकद, जोर हे शब्द एकाच अर्थाने येतात, विज्ञानात मात्र बल, शक्ती आणि ऊर्जा या तीन निरनिराळ्या राशी आहेत. तरीही मुलाचा शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करू नये, असे मला वाटते, कारण मग ते विचार सोडून शब्दच शोधू लागते. लेखात चर्चेसाठी सुचवलेली दहा मिनिटे मात्र फारच अपुरी आहेत. आमचा भोवरा दोन तासिका चालला.