दही बिचारं उगाच बदनाम झालं

जुलैपासून लेकीला रात्रीचा खोकला. दिवसा ठणठणीत. रात्री एसी लागला की तासाभरात ढास सुरू. मुलाच्या खोकल्याचा खटला आपल्याकडे आईवरच चालतो. ‘दही दिलंस का?’ ‘केळं कशाला या दिवसांत?’ ‘ओल्या केसांनी झोपवलंस ना?’ दही बंद, केळं बंद, श्रावणातल्या श्रीखंडावरही पोरीने पाणी सोडलं. खोकला जिथल्या तिथे.

डॉक्टरांनी साधं विचारलं, बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपली तरी येतो का? मला सांगताच येईना. तिथे तिला कधी झोपवलंच नव्हतं. धूळ, डास, कबुतरं... खिडकी बंद ठेवायला मुंबईत कारणं कमी नाहीत. चार रात्री बाहेर झोपवली. खोकला निम्म्यावर.

मग एसीवाल्याला बोलावलं. आमचा वर्षाचा करार आहे, म्हणजे तो येतो, जाळी बाथरूममध्ये धुतो, फडका मारतो, सही घेतो. या वेळी म्हटलं, ब्लोअर खोला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर पात्यांवर काळा थर, खालच्या ट्रेमध्ये बुळबुळीत गाळ. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, ये तो सबके घर में निकलता है.” यातली दिलासा देणारी गोष्ट कुठली, ते मला अजून कळलेलं नाही.

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड कॉइलवरून फिरवतो. हवेतला ओलावा कॉइलवर धरतो, ट्रेमध्ये पडतो, पाइपने जातो. सकाळी आपण रिमोट दाबून मोकळे. आत उरते ती ओल, अंधार आणि जाळीतून निसटलेली धूळ. बुरशीला आणखी काय लागतं? रात्री तोच वारा थेट पलंगावर.

आणि भिंत! पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की २४-२५ अंशांच्या खालच्या कुठल्याही गार वस्तूवर पाणी धरायला लागतं. आपण एसी १८ वर लावणार आणि सकाळी दार उघडून दमट हवा आत घेणार. थंड पेल्याला घाम फुटतो तसा भिंतीला फुटतो. आमच्या कपाटामागे काळे ठिपके होते. सासूबाई जूनपासून सांगत होत्या, “अगं, इथे कुबट वास येतोय.” (दह्याचा आरोपही त्यांचाच, पण वासाचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.)

मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात, श्वासही ती आपल्यापेक्षा भराभर घेतात. ओल आणि बुरशी असलेल्या घरात खोकला, घरघर, दम्याचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलंय. आमच्याकडे सगळं एसीमुळेच झालं, असा माझा दावा नाही. डॉक्टरांनी दिलेला पंपही (इनहेलर) चालू आहे, आणि ‘पंपाची सवय लागते’ म्हणणाऱ्यांनी कृपया कमेंटमध्ये येऊ नये.

मी एसीविरोधी नाही. ऑक्टोबरात मीही लावणारच. फक्त आता २६ वर, बंद करण्याआधी अर्धा तास नुसता फॅन मोड, दुपारी ऊन असेल तेव्हा खिडकी सताड उघडी आणि ओले कपडे त्या खोलीत अजिबात नाहीत.

भिंतीचं मात्र माझ्या हातात नाही. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी झिरपतंय. घरमालक म्हणतात, पुट्टी मारून रंग देतो. रंगाखाली बुरशी मरत नाही हो, फक्त काही महिने दिसत नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलला २०२० साली दोन वर्षांचा एक मुलगा घरातल्या बुरशीने श्वसनाचा त्रास होऊन दगावला. तिथल्या घरमालक संस्थेनेही आधी कुटुंबाच्या राहण्याच्या पद्धतीलाच दोष दिला होता. पुढे त्याच्या नावाने कायदा झाला, सामाजिक घरांमधली, म्हणजे अशा संस्थांनी कमी भाड्याने दिलेल्या घरांमधली, ओल ठरावीक मुदतीत दुरुस्त करायची सक्ती करणारा.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेल्या रविवारी मी हा विषय काढला. लॉबीच्या टाइल्सवर पाऊण तास चर्चा झाली होती. मला उत्तर मिळालं, “वहिनी, पावसाळा संपला की बघू.”