शेजारच्या जिल्ह्याचं शटर किती वाजता पडतं?

कोरोनाची साथ पुन्हा येईल तेव्हा येईल, तयारी मात्र आत्तापासून हवी. मास्क, सॅनिटायझर राहू द्या, ते कोपऱ्यावर मिळतं. खरी कसोटी लागते ती निर्बंधांवर नीट चिडण्यात. 2021 मध्ये त्यावर आपला चांगला हात बसला होता, तो मोडायला नको.

सुरुवातीलाच सांगतो, आपल्याकडे काय बंद आहे ते बघत बसू नका. शेजारी काय सुरू आहे ते बघा. आपलं दुकान चारला बंद झालं तर माणूस एक वेळ सोसतो, पण मुंबईत रात्री दहापर्यंत उघडं आहे म्हटल्यावर घास घशाखाली उतरत नाही. तिथून पुढे एकच वाक्य पाठ ठेवा: 'मुंबईला एक न्याय, पुण्याला दुसरा.' गावांची नावं सोयीने बदला. वाक्य कुठेही चालतं.

नियम चुकूनही वाचू नका. त्या जूनमध्ये राज्य सरकारने निर्बंधांच्या पाच लेव्हल ठरवल्या होत्या, पहिली सगळ्यात सैल, पाचवी सगळ्यात कडक. पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर चाचण्यांत बाधित किती, 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड 25 टक्क्यांहून कमी भरलेले असले की पहिली. पॉझिटिव्हिटी 20 टक्क्यांवर किंवा बेड 75 टक्क्यांवर गेले की पाचवी. गुरुवारी आकडे, सोमवारपासून अंमल. एवढं कळलं तर चिडणार कशावर? नशिबाने सरकारलाही आपली काळजी होती. 3 जूनला मंत्री विजय वडेट्टीवारांनी 18 जिल्हे खुले झाल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री कार्यालयाने कळवलं की निर्बंध उठवलेलेच नाहीत. मधल्या वेळात ज्यांनी हार-नारळ आणले, त्यांनी ते कुठे वाहिले असतील कोण जाणे.

सरसकट निर्णयाच्या मात्र नादी लागू नका. जूनअखेर डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या अवताराच्या धास्तीने सगळ्यांनाच किमान तिसऱ्या लेव्हलमध्ये बसवलं. तुम्हीही चारला बंद, शेजारीही चारला बंद. चिडायला जागाच नाही. मजा आली ती ऑगस्टमध्ये, 22 जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत मुभा मिळाली आणि 11 जिल्हे चारवरच राहिले तेव्हा. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, बीड, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर. यातल्या निम्म्या जिल्ह्यांत नुकताच महापूर येऊन गेला होता. चिपळूणचे दुकानदार बाजारपेठेतला चिखल उपसत होते, त्यांना घड्याळात चार वाजले काय नि आठ वाजले काय. पण असल्या गोष्टी मनात आणल्या की आवाज बसतो. पुण्याकडून शिका. आपल्या व्यापाऱ्यांनी घंटानाद केला, आणि परवानगी असो-नसो, सातपर्यंत दुकानं उघडी ठेवू म्हणून सांगून टाकलं.

आता निषेधाचं रोजचं तंत्र. चार वाजले की शटर गुडघ्यापर्यंत खाली घ्या. आतला दिवा घालवा, पंखा राहू द्या. मालकाने बाहेर स्टुलावर बसून रस्त्याकडे असं बघावं की जणू दुकान कुणा दुसऱ्याचंच आहे. गिऱ्हाईक दिसलं की ओठ न हलवता 'काय पाहिजे?' विचारावं आणि शटरवर दोनदा टिचकी मारावी. आतला पोऱ्या फटीतून पिशवी सरकवेल. गिऱ्हाईकानेही वाकून पैसे देता-देता 'अन्याय आहे हो तुमच्यावर' म्हणायचं असतं. तेवढी रीत सांभाळा. पोलिसांची गाडी आली तर दोघांनीही हवापाण्यावर बोलावं.

हे सगळं जमलं आणि तुमच्या शहराला सूट मिळालीच, तर गोंधळून जाऊ नका. पुण्याला मिळाली ना, 8 ऑगस्टला! शहरातली दुकानं आठपर्यंत, हॉटेलं दहापर्यंत, आणि ग्रामीण भाग होता तिथेच, चारला बंद. मग हद्दीपलीकडचा एखादा दुकानदार फोन करून विचारेल, 'दादा, रस्ता एकच, गिऱ्हाईक एकच, मग आम्हीच का चारला बंद?' अशा वेळी चष्मा नाकावर नीट बसवावा, घसा साफ करावा आणि जरा समजुतीच्या सुरात सांगावं, 'अहो, तुमच्याकडची पॉझिटिव्हिटी बघा ना आधी. नियम म्हणजे नियम.'